सत्त्याण्णव टक्क्यांचं औषध

सात रस्ता, सोलापूर
सोमवार, संध्याकाळ

तीर्थरूप बिरुदेव मामा यांना भाची सोनमचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (हे डोकं म्हणजे तेच, ज्याचं कौतुक तुम्ही माळशिरसच्या बाजारात ओळखीच्या-अनोळखी माणसाला थांबवून करता. पत्र वाचून झालं की ते कौतुक आवरतं घ्यावं लागेल, म्हणून आधीच पायांवर ठेवून मोकळी होते.) मी इथं खुशाल आहे. तुमची खुशाली विचारायची रीत आहे, पण तुम्हाला विचारलं की तुम्ही "झकास" म्हणता. म्हणून ती मी केराबाई मामीकडून काढून घेतली आहे, आणि ती झकास नाही. मेंढरांची, कुत्र्याची आणि नव्या कोकरांची खुशाली मात्र तुम्हीच कळवा. त्या बाबतीत तुम्ही खोटं बोलत नाही.

पत्र कशाला, फोन काय मेलाय का, असं तुम्ही म्हणाल. फोन जिवंत आहे मामा, तुमची रेंज मरते. ऊस किती वर आला, मेंढरं कुणाच्या रानात बसवलीत, असं काही विचारलं की तुमचा आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा येतो. मी 'डोळा' हा शब्द काढला की लगेच "हॅलो, हॅलो, कट व्हाया लागलंय गं" सुरू होतं. मागच्या तिन्ही वेळा असंच झालं. मामीनं सांगितलं की त्या तिन्ही वेळा तुम्ही पाण्याच्या टाकीजवळ उभे होतात, जिथं सगळी वस्ती रेंज मिळते म्हणून येते. पत्राचं बरं असतं, ते कट होत नाही. हे पत्र तुमची सूनबाई पूनमवहिनी तुम्हाला वाचून दाखवेल. मामा उठून गोठ्याकडे निघाले तर मागोमाग चालत वाच, असं मी तिला बजावलं आहे. (वहिनी, कंसातलंसुद्धा वाचायचं.)

मूळ प्रश्न तुमचाच आहे. दर फोनला, रेंज जायच्या आधी, तुम्ही एवढं एक विचारता: "माजं औशिद कुटवर आलं?" आणि मी दर वेळी "चाललंय मामा" म्हणते. चाललंय म्हणजे नेमकं काय चाललंय, हे तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. असं आपलं दोघांचं वर्षभर गोडीगुलाबीनं निभावलं. पण परवा मामीचा फोन आला. माळशिरसच्या डोळ्यांच्या शिबिरात म्हणे डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, डावा तर पार पिकलाय म्हणाले, ऑपरेशनची तारीख दिली, आणि तुम्ही तुमचा नंबर मागच्या माणसाला देऊन घरी निघून आलात. डॉक्टरांना जे ऐकवलंत तेही मामीनं शब्दाला शब्द सांगितलं: "कापाकापी नगं सायेब. आमची भाची सोलापुरात डोळ्याचंच औशिद काढतीया. दोन वर्सांत येतंय, थांबतो की."

इथपर्यंत मला हसू येत होतं. पुढचं ऐकून गेलं. गेल्या आठवड्यात तुम्ही कोकरू दुसऱ्याच मेंढीला लावलंत. ऐंशी कोकरांतलं कुठलं कुणाचं, हे नुसत्या चालीवरून सांगणारे तुम्ही. आणि दुसऱ्या दिवशी वेळापूरच्या रस्त्यावर मेंढरं पार करताना उसाचा ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रॉल्या. तुम्हाला आवाज आला, पण गाडी कुठं आहे ते दिसलं नाही. त्या ड्रायव्हरनं वेळेत ब्रेक मारला नसता तर हे पत्र लिहायचं कारणच उरलं नसतं. मामी म्हणाली, "तुजं औशिद काय ते लवकर दे बाई, न्हायतर ह्यो मानूस रस्त्यावरच जाईल." ती रडत होती मामा. मी मामीला याआधी कधी रडताना ऐकलेलं नाही. मला फार वाईट वाटलं, आणि फार लाजही वाटली.

तर औषध कुठवर आलं, त्याचं उत्तर असं की ते निघालेलंच नाही. पण एवढंच लिहून पत्र बंद केलं तर तुम्ही म्हणाल, पोरीनं कष्ट घेतले नाहीत. तसं नाही. चार वर्षं मी भरपूर कष्ट घेतले आहेत आणि त्या कष्टांतून काय निष्पन्न झालं ते सविस्तर सांगते, म्हणजे माझ्यावर अवलंबून राहणं किती धोक्याचं आहे ते तुमचं तुम्हालाच कळेल.

सुरुवात तुम्हाला आंधळं करण्यापासून झाली. चार वर्षांपूर्वी फेलोशिपच्या मुलाखतीला मी पुण्याला गेले होते, आठवतं का? तुम्ही मला वेळापुरातून एस.टी.त बसवलंत आणि खिडकीतून शेंगदाण्याची चटणी आत दिलीत. तिथं पाच तज्ज्ञ बसले होते. त्यांनी विचारलं, उजेड ओळखणाऱ्या प्रथिनांचाच विषय का निवडलास? खरं उत्तर असं होतं की आमच्या विभागात बसवेश सरांकडे एवढी एकच जागा शिल्लक होती, आणि या विषयात सगळं काम कॉम्प्युटरवर असल्यामुळे घाण वासाच्या बाटल्या उघडाव्या लागत नाहीत. हे उत्तर काही फेलोशिप मिळण्यासारखं नव्हतं. म्हणून मी खाली मान घालून म्हणाले, "माझे मामा मेंढपाळ आहेत आणि त्यांची दृष्टी हळूहळू जाते आहे." त्या वेळी तुम्ही समोरच्या माळावर लांडगा आहे का कुत्रा आहे हे इकडून सांगत होतात. गोधडी शिवायला बसलेल्या मामीला सुई तुम्हीच ओवून देत होतात. पण त्या तज्ज्ञांतल्या एका बाईंनी चष्मा काढून पुसला, आणि मला फेलोशिप मिळाली. नंतर तुम्हाला खरोखरच दिसेनासं व्हायला लागलं. मी विज्ञान शिकलेली आहे, माझ्या बोलण्यानं कुणाच्या डोळ्यांत मोतीबिंदू होत नाही हे मला पक्कं माहीत आहे. तरी सकाळी दात घासताना कितीदा तरी मनात येतं की आपण नको ते बोललो.

आता काम काय ते सांगते. (वहिनी, इथं मामा जांभई देतील, तरी वाच.) काही प्रथिनं अशी असतात की त्यांच्यावर उजेड पडला की ती जागी होतात. आपल्या डोळ्यांच्या मागच्या पडद्यात ती असतात, म्हणून आपल्याला दिसतं. पण मी जी बघते ती डोळ्यांतली नाहीत. ती डबक्यातल्या शेवाळाची आणि खाऱ्या पाण्यातल्या जंतूंची आहेत. हे मी तुम्हाला आजवर सांगितलं नाही, कारण 'भाची शेवाळावर काम करते' यात बाजारात सांगण्यासारखं काही नाही. तर प्रत्येक प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या मण्यांची लांबलचक माळ. मणी कुठले आणि कुठल्या क्रमानं ओवलेत, त्यावरून ते प्रथिन निळ्या उजेडानं जागं होणार, हिरव्यानं का लाल, हे ठरतं. प्रयोगशाळेत एकेक माळ तपासायला आठवडे जातात. म्हणून आम्ही कॉम्प्युटरला नऊशे माळा रंगांसकट दाखवून शिकवायचं, आणि मग नवीन माळ दाखवून विचारायचं की हिचा रंग कोणता. याला मशीन लर्निंग म्हणतात. यात मशीन शिकतं आणि माणूस बाजूला बसून चहा पितो. चहाच्या बाबतीत मी कुठंच कमी पडले नाही.

कॉम्प्युटर शिकला का नाही ते बघायला परीक्षा घ्यावी लागते. त्यासाठी नऊशेतल्या काही माळा आधीच बाजूला काढून ठेवायच्या, त्या त्याला दाखवायच्या नाहीत, आणि शेवटी त्यांचे रंग विचारायचे. तशी मी गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी परीक्षा घेतली. शंभरात सत्त्याण्णव. मी तीनदा घेतली, तिन्ही वेळा सत्त्याण्णव. मला जन्मात कशात सत्त्याण्णव पडलेले नाहीत, त्यामुळे ते बघून आधी शंका यायला हवी होती, पण मला आला तो आनंद. सरांनी विभागाच्या बोर्डावर आकडा लावला. मी घरी फोन केला, आईनं तुम्हाला केला, आणि तुम्ही बहुतेक सगळ्या तालुक्याला केलात.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं ते कसं दिसलं ते माहीत नाही. मी दिवाळीला आले तर वस्तीच्या फाट्यावर फ्लेक्स. "अंधांच्या जीवनात प्रकाश आणणारी आपल्या वस्तीची लेक डॉ. सोनम." डॉक्टर मी अजून झालेली नाही. फोटो कुणाच्या तरी लग्नातला काढून घेतला होता, त्यात माझ्या खांद्यावर नवरीचा हिरवा चुडा भरलेला हात कोपरापासून तसाच राहिला होता. येणारे-जाणारे तो हात कुणाचा हे विचारत होते, संशोधन कशावर आहे ते कुणी विचारलं नाही. मग बिरोबाच्या देवळापुढं सत्कार. तुम्ही नवा फेटा बांधून पहिल्या रांगेत. मला शाल, नारळ, कपाळभर भंडारा. हेडमास्तरांनी भाषणात मला एवढं मोठं केलं की मी मागं वळून बघितलं, दुसरं कुणी बसलंय का. आणि मग तुमचे थोरले भाऊ कोंडीबा मामा उठले आणि सरळ विचारलं, "ते समदं बरं हाय. पर औशिद कवा येनार?"

त्या वेळी मी सांगायला हवं होतं की मामा, हे औषध नाही, रंग ओळखायचा खेळ आहे. तेवढं बोलायला दहा सेकंद पुरली असती. पण माझ्या हातात आयुष्यात पहिल्यांदाच माइक होता, आणि समोर तुम्ही डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होतात. (ते डोळे कौतुकानं बारीक झालेत असं मला वाटलं. तुम्हाला मी नीट दिसत नव्हते, हे आता कळतंय.) मी म्हणाले, "दोन वर्षांत." टाळ्या झाल्या. दोन हा आकडा मी कुठून आणला ते मला आजही सांगता येत नाही. बहुधा फेलोशिपची तेवढी वर्षं उरली होती.

आता माझी फजिती. आमच्या विषयात काम करणारी दुसऱ्या एका शहरातली प्रयोगशाळा आहे. सरांनी त्यांच्याकडून बेचाळीस नव्या माळा मागवल्या. रंग त्यांनी मोजून बंद पाकिटात ठेवले होते. माझ्या सत्त्याण्णव टक्केवाल्या कॉम्प्युटरनं उत्तरं द्यायची आणि मग पाकीट फोडायचं, असं ठरलं. उत्तरं आली, पाकीट फोडलं. बेचाळीसपैकी जेमतेम सतरा बरोबर. बाकी सगळ्यांना त्यानं हिरवं म्हणून टाकलं होतं. निळ्याला हिरवं, लालला हिरवं, विचाराल त्याला हिरवं. मी दोन दिवस त्या लोकांच्या मोजमापातच चूक आहे असं म्हणत होते. तशी सभ्य शब्दांत एक मेलही पाठवली. त्यांनी तितक्याच सभ्य शब्दांत पुन्हा मोजून दाखवलं.

तिसऱ्या दिवशी मी माळांची यादी घेऊन बसले आणि मला तुमची नि कोंडीबा मामांची मेंढरांची वाटणी आठवली. मी पाचवीत होते, सुट्टीला आले होते. शाळेत जाणारी पोर आहे, मोजायला चांगली, म्हणून तुम्ही मला मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या तोंडाशी उभं केलं होतंत. मी काय केलं? एक तुमचं, एक त्यांचं, एक तुमचं, एक त्यांचं. तुमच्याला लाल रंगाचा ठिपका, त्यांच्याला नाही. दोन्हीकडं मेंढरं अगदी समसमान, एकाचाही फरक नाही. मी खूश. दुपारपासून जो ओरडा सुरू झाला तो काही थांबेना. कोकरू या बाजूला, आई त्या बाजूला, सगळी एकमेकींना हाका मारत जाळीवरून उड्या टाकायला लागली. संध्याकाळपर्यंत दोन्ही कळप पुन्हा एक. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "पोरी, आई आन् पोर येका बाजूला ठिवायची. मग बाकीचं मोज." ते वाक्य मी नंतर कितीदा तरी गंमत म्हणून मैत्रिणींना सांगितलं आहे.

माळांच्या परीक्षेत मी पुन्हा तेच केलं होतं मामा. प्रथिनांतही आया आणि कोकरं असतात. शास्त्रज्ञ एक माळ घेतात, तिच्यातला एक मणी बदलतात, दुसरी करतात, मग तिसरी, अशी एकेकीची दहा-वीस कोकरं. माझ्या नऊशे माळा दिसायला नऊशे, पण घराणी साठसुद्धा नव्हती. आणि मी वाटणी कशी केली? एक शिकवायला, एक परीक्षेला. कोकरू इकडे, आई तिकडे. परीक्षेत कोकरू समोर आलं की कॉम्प्युटर म्हणायचा, याच्या आईला ओळखतो आपण, ती हिरवी होती. रंग कशानं ठरतो याचं त्याला ओ की ठो कळलं नव्हतं, तो नुसती नाती ओळखत होता. शहरात वाढलेल्या कुणी ही चूक केली असती तर समजण्यासारखं होतं. मी वाडग्याच्या तोंडाशी उभी राहून शिकलेली, आणि हा धडा मला एकदा मेंढरांनी ओरडून दिलेला होता.

मग तुमच्या पद्धतीनं वाटणी केली. आख्खं घराणं एका बाजूला, दुसरं घराणं दुसऱ्या बाजूला. परीक्षा घेतली. एक्केचाळीस. बरं, एक्केचाळीस तरी आपले म्हणावेत, तर सरांनी आणखी एक हिशोब करायला लावला. कॉम्प्युटर बंद करून, काही न बघता प्रत्येक माळेला हिरवी म्हटलं तर किती पडतात? अडतीस. आपल्याकडं मेंढरू न बघता काळं म्हटलं तरी बऱ्याचदा बरोबरच येतं, तसलाच प्रकार. म्हणजे चार वर्षं, एक फेलोशिप, दोन कॉम्प्युटर आणि अगणित कप चहा एवढ्या सगळ्याची कमाई तीन टक्के.

गेल्या बुधवारी विभागात माझं सेमिनार होतं. बोर्डावर अजून सत्त्याण्णवच होतं. मी उठून सांगितलं की तो आकडा चुकीचा आहे, कसा चुकला ते सांगितलं, आणि मेंढरांच्या वाटणीची गोष्टही सांगितली. सत्तावीस माणसं होती (घाबरलं की मी मोजते). कुणी हसलं नाही, मेंढरांवर मात्र सगळे हसले. बसवेश सर नंतर म्हणाले, "चूक माझी बी हाय की. सत्त्याण्णव आलं तवाच मला कळायला पाहिजे हुतं. आपल्याला कुटं काय सत्त्याण्णव येतंय." मग त्यांनी स्वतः जाऊन बोर्डावरचा आकडा काढला आणि मला आणखी सहा महिने मिळवून दिले. त्या दुसऱ्या शहरातल्या लोकांनी तर घराण्याप्रमाणे वाटणी करायची ही पद्धत नीट लिहून काढ म्हणून कळवलं आहे. हल्ली शहाणी माणसं सगळी तशीच करतात म्हणे. फक्त मला ते माहीत नव्हतं, आणि तुम्हाला माहीत होतं.

म्हणजे आता सत्तावीस माणसांना खरं सांगून झालं, तुम्हाला सांगायचं तेवढं राहिलं होतं. माझ्या कामातून औषध निघणार नाही. समजा उद्या एक्केचाळीसचे नव्वद झाले, खरेखुरे नव्वद, तरी त्याचा उपयोग व्हायला पंधरा-वीस वर्षं जातील, आणि तोसुद्धा ज्यांचा डोळ्यांतला मागचा पडदाच निकामी झाला आहे त्यांना, तिथं ही प्रथिनं बाहेरून बसवून. तुमचं तसं नाही. शिबिरातल्या कागदाचा फोटो मामीनं पाठवला आहे. त्यावर लिहिलंय की पडदा चांगला असावा. याचा अर्थ तुमच्या डोळ्यांतली प्रथिनं जागी व्हायला तयार बसली आहेत मामा, ती मी बघते त्या शेवाळातल्यांपेक्षा कितीतरी हुशार आहेत. पुढच्या काचेवर साका धरलाय म्हणून उजेड त्यांच्यापर्यंत पोचत नाही, एवढंच. ती काच बदलून मिळते. त्याला कॉम्प्युटर लागत नाही, मी तर मुळीच लागत नाही.

फ्लेक्स काढला नसेल तर काढायला सांगा. कापड चांगलं असतं त्याचं, कोकरांच्या वाडग्यावर घालता येईल, माझा चेहरा आतल्या बाजूला करून. कोंडीबा मामांना सांगा की औशिद येणार नाही आणि त्यांचा प्रश्न बरोबर होता. मामीला नमस्कार. पूनमवहिनीचा घसा सुकला असेल, तिला चहा द्या.

तुमची (डॉक्टर न झालेली) भाची,
सोनम

ता. क. – पाच पानं लिहूनही ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते राहिलंच. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी दहा वाजता इथं सात रस्त्याजवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तुमचं नाव लावलं आहे. दाक्षायणी मॅडम म्हणून डॉक्टर आहेत, मी स्वतः जाऊन भेटले. त्यांना सगळं सांगितलं, फ्लेक्ससकट. त्या म्हणाल्या, मामांना घेऊन ये, तुझं संशोधन आपण नंतर बघू. आधी डावा डोळा, मग महिन्याभरानं उजवा. सकाळच्या पहिल्या गाडीनं निघा, मी स्टँडवर असेन. आधारकार्ड, टॉवेल आणि शिबिरातला तो कागद आणा. मेंढरं तेवढे दिवस कोंडीबा मामा बघतील. मी विचारलं आहे, ते हो म्हणाले आहेत, आणि तुम्हाला नाही विचारलं म्हणून रागावू नका.

ता. क. २ – आणखी एक, आणि हे लिहू का नको असं दोन दिवस चाललं होतं. तुम्ही एडका घ्यायचा म्हटलं तर तीन बाजार फिरता, त्याचे दात बघता, त्याची आई बघायला दुसऱ्या गावाला जाता. असा माणूस माइकवर बोललेल्या 'दोन वर्षां'वर वर्षभर विसंबून राहील, हे मला पटत नाही. तुम्ही औषधाची वाट बघत नाही मामा, तुम्हाला ऑपरेशनची भीती वाटते. शिबिरात कागदावर अंगठा का सही असं विचारल्यावर तुम्ही सही म्हणालात, पेन हातात घेतलंत, ते तसंच टेबलावर परत ठेवलंत आणि नंबर सोडून आलात. मामीनं बघितलं होतं. मला राग नाही आला. मी मुलाखतीत तुमच्या डोळ्यांमागं लपले, तुम्ही शिबिरात माझ्या औषधामागं लपलात, त्यामुळे आपला हिशोब फिटला. माझं सेमिनार चाळीस मिनिटांचं होतं आणि मी त्यातून जिवंत बाहेर आले. तुमचं ऑपरेशन त्याहून कमी वेळाचं आहे.

ता. क. ३ – हे फक्त पूनमवहिनीसाठी. वहिनी, इथं थांब, पुढचं मोठ्यानं वाचू नकोस. एवढं सगळं ऐकूनही मामा म्हणणार, "मला समदं दिसतंय." ते म्हणाले की हा कागद त्यांच्या हातात दे. खाली दोन ओळी लिहिल्या आहेत, नेहमीच्याच अक्षरात, लहान-मोठं काही केलेलं नाही. सातवीपर्यंत शिकलेला माणूस आहे, पेपर वाचत होता. त्यांनी त्या वाचून दाखवल्या तर गुरुवारचा नंबर मी रद्द करते, माझा शब्द. वाचता आल्या नाहीत, तर काही बोलू नकोस, कागद घडी करून त्यांच्या खिशात ठेव आणि गुरुवारी त्यांना गाडीत बसव.

मामा, हे तुम्ही वाचत असाल तर ऑपरेशन झालेलं आहे.
आता मला काय बोलायचं ते बोला, मी समोरच बसले आहे.